तरवड, फीडर नंबर तीन

रात्रपाळीत मला एकच काम: ऐकणं.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणतोय तोवर सगळं ठीक.
सूर जरा खरबरला की खुर्ची सोडायची,
तेल बघायचं, रजिस्टरात वेळ लिहायची.
बावीस वर्षं हाच एक सूर कानात आहे.
सुट्टीच्या दिवशी घर फार गप्प वाटतं.

शिंदखेड्याच्या अलीकडे, बुराईत
नऊ महिने वाळूच वाहते,
तीही ट्रॅक्टरमधून,
तिथे आमचं सबस्टेशन.
आत खडी, बाहेर मुरूम,
मध्ये तारेचं कुंपण, आणि त्यावर कवटीची पाटी.

परवाच्या नवरात्रात घटाच्या माळेला
तरवड मिळेना. कल्पिता
सायकलवर दोन गावं हिंडून आली
आणि मुठीत चार फुलं, तीही कोमेजलेली.
बांध सगळे जेसीबीनं सरळ केलेले.
माळ झेंडूची झाली. देवीनं काही म्हटलं नाही.

हिवाळ्यात मला धुळ्याच्या रस्त्याला
मैलाच्या दगडामागे एक झुडूप सापडलं.
शेंगा चपट्या, तपकिरी,
खिशात ठेवल्या तर चालताना वाजायच्या.

बी हट्टी. चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं,
उतरवलं, बी टाकलं, झाकलं.
सकाळी निम्मं फुगलं होतं.
उरलेलं पॉलिश पेपरवर घासलं,
कॉन्टॅक्ट साफ करायला मिळतो त्यातल्याच.
(ऑडिटला सांगू नका.)

जूनमध्ये कुंपणाबाहेर एकतीस खड्डे.
शेजारच्या वावरातून रेवताबाई ओरडल्या,
"तरवड कोन लावस का, भाऊ? तो त आपोआप उगस!"
उगायचा, मावशी.
पहिला उन्हाळा मी त्याला पाणी दिलं,
एअर कूलरचं, दर रविवारी, एक तांब्या.
सात मेले. चोवीसांना बकऱ्यांनी हुंगलं आणि सोडलं.
दुसऱ्या उन्हाळ्यात तांब्याही बंद केला.
सेहेचाळीस डिग्रीला माझे जंपर तापले, फ्यूज गेले,
आणि ते उभे, अंगभर बारीक पानं, हिरवे,
जणू त्यांच्या फीडरला लोडशेडिंग नाहीच.

मग फुलं. पिवळी म्हणजे किती पिवळी,
ते सांगायला जाणार नाही.
तरवडात मध नसतो.
परागाच्या नळ्या बंद,
टोकाला सुईएवढं भोक.
हातानं झटकून बघितलं, काही पडेना.

मग तो आला, काळा भुंगा, निळ्या पंखांचा,
जड, एखाद्या नटासारखा.
फुलाला बिलगला, पंख आवरले,
आणि नुसतं अंग थरथरवलं.
सूर चढला. माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या बराच वर,
तार ताणल्यासारखा.
आणि भोकांतून पिवळी धूळ
भसकन त्याच्या पोटावर.

मी ड्यूटीवर होतो. तरी टाळी वाजवली.

त्याचं घर मला नंतर दिसलं.
भंगारात पडलेली सागवानी आडदांडी,
तिला खालून एक गोल भोक,
ड्रिलनं पाडल्यासारखं, आणि खाली भुसा.
स्टोअरच्या यादीत ती अशी होती:
दांडी, सागवानी, नग एक, निरुपयोगी.
चेतना बागूल मॅडम लिलावाची यादी घेऊन आल्या,
वाकून भोकाला कान लावला,
आणि पेन फिरवून नग शून्य केला.

रेवताबाईंची वांगी मोठी हिरवी, भरताची.
वांग्याचं फूलही तसंच कुलूपबंद,
तीच किल्ली लागते त्याला.
मागच्या साली फुलं गळायची, त्या पाऊस मोजायच्या,
फवारणीवाल्याला शिव्या द्यायच्या.
यंदा दिवाळीआधीच झाडं वाकली.
पहाटे सहाला मी कुंपणाशी उभा असतो:
तरवडावरून उठलेला सूर
बांध ओलांडून वावरात उतरतो,
मधेच तुटतो,
परत लागतो.

थंडीत त्यांनी डबा पाठवला.
पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत,
कळण्याची भाकर, पातीचा कांदा.
"औंदा खत बेस व्हतं," म्हणाल्या.
मी भाकर मोडली.
हो म्हटलं.